बडनेरा ओन्ली

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खांच्या लक्षणांना दिला. जन्मदात्यांशी वैर धरणारा, कारण नसताना हसणारा असे पुष्कळ मूर्ख तिथे भेटतात. इंग्रजीत 'ओन्ली' चुकीच्या जागी लावणारा मूर्ख मात्र त्या यादीत नाही. ती उणीव आपल्या शिकलेल्या मंडळींनी पुढे भरून काढली. 'आय केम टुडे ओन्ली' म्हणणारा, 'ही इज माय ब्रदर ओन्ली' म्हणून ओळख करून देणारा, 'कम नाऊ इटसेल्फ' म्हणून बोलावणारा, हे सगळे त्यांच्या लेखी मूर्ख ठरले. अशाची वही लाल करायची, मुलाखतीत त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचं, चार माणसांत त्याची नक्कल करायची, असा रिवाजच पडला. मी या मूर्खाच्या बाजूचा आहे. त्याचा मूर्खपणा मला मनापासून आवडतो आणि एकदा त्याची रीतसर स्तुती करावी, ही फार दिवसांची इच्छा आहे.

हा मूर्खपणा त्याच्या घरी पाहायचा तर बडनेऱ्याला यावं. मुंबई-हावडा मार्गावरचं हे जंक्शन. अमरावती शहर मुख्य मार्गापासून दहा-एक किलोमीटर आत राहिलं, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्यांनी येणारी अमरावतीची माणसं बडनेऱ्यालाच उतरतात. इथे इंजिनिअरिंगचं मोठं कॉलेज आहे, रेल्वेचं वॅगन दुरुस्तीचं काम आहे, कापसाचा व्यापार तर जुनाच. म्हणजे मराठी न येणारा माणूस या स्टेशनावर रोज उतरतो. पहाटेच्या गाडीतून उतरलेला, बॅग सावरत बाहेर आलेला असा एखादा तेलुगू किंवा बंगाली विद्यार्थी ऑटोवाल्याला विचारतो, 'इज धिस अमरावती?' ऑटोवाला घरी वऱ्हाडी बोलतो, स्टँडवर हिंदी बोलतो, आणि पाहुण्यासाठी तिसरी भाषा काढतो. 'नो सर, धिस इज बडनेरा ओन्ली. अमरावती अहेड. हंड्रेड रुपीज ओन्ली.'

तीन वाक्यं झाली आणि तिन्हींत क्रियाविशेषण नामाच्या नंतर आलं. आता हे उत्तर तपासायला एखाद्या इंग्रजीच्या सरांकडे द्या. पहिलं वाक्य चूक म्हणतील, दुसरं अर्धवट म्हणतील, आणि तिसऱ्यावर बरोबरची खूण करतील. शंभर रुपयांच्या नंतर 'ओन्ली' चालतो, बडनेऱ्यानंतर चालत नाही. असं का, हे त्यांना सांगता येत नाही. पुस्तकात तसं आहे एवढंच सांगता येतं.

मग पुस्तकाप्रमाणे ते वाक्य दुरुस्त करू. ज्या शब्दाबद्दल बोलायचं त्याच्या लगेच आधी 'ओन्ली' ठेवा, असा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचा सर्वसाधारण नियम आहे. त्याप्रमाणे वाक्य झालं, 'धिस इज ओन्ली बडनेरा.' याचा अर्थ मराठीत काय होतो? 'हे काय, नुसतं बडनेरा!' ज्या गावावरून 1867 पासून नागपूरची गाडी जाते, त्या गावाचा दुरुस्त इंग्रजीत असा उपमर्द होतो. ऑटोवाल्याला तो करायचा नव्हता. त्याच्या मनात होतं, 'हे बडनेराच हाय भाऊ, अमरावती पुढं हाय.' पाहुण्याला नेमकी तीच माहिती हवी होती आणि 'बडनेरा ओन्ली' एवढ्या दोन शब्दांत ती त्याला मिळाली. तेलुगू मुलाला ती कळली, बंगाली मुलाला कळली. न कळणारा एकच, आपला व्याकरणवाला.

या मूर्खपणाचा खरा पराक्रम इथेच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. मराठीत या कामाला दोन वेगवेगळी अवजारं आहेत. 'फक्त', 'नुसता', 'केवळ' हे शब्द नामाच्या आधी येतात आणि बाकीचं वजा करतात. 'च' नामानंतर येतो आणि नेमक्या त्या गोष्टीवर बोट ठेवतो. 'फक्त भाऊ आला' म्हटलं की बाकीचे आले नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. 'भाऊच आला' म्हटलं की येणारा कोण याची खात्री पटते. इंग्रजीकडे यातल्या पहिल्या कामापुरताच शब्द आहे, 'ओन्ली'. मग इंग्रज माणूस दुसरं काम कसं भागवतो? आवाजाने. 'आय केम टुडे' म्हणताना तो 'टुडे'वर आवाज चढवतो आणि लिहिताना 'इट वॉज टुडे दॅट आय केम' असं लांबचं वळण घेतो. आपल्याला एका शब्दावर आवाज आदळून अर्थ फिरवायची तितकी सवय नाही. आपल्या भाषेत त्या कामाला अक्षर नेमलेलं आहे. ते अक्षर इंग्रजीत सापडेना, तेव्हा आपल्या माणसांनी इंग्रजीतल्याच एका शब्दाला दोन जागा नेमून दिल्या. नामाच्या आधी आला की तो 'फक्त', नामानंतर आला की 'च'.

'ओन्ली आय टोल्ड हिम' आणि 'आय ओन्ली टोल्ड हिम' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्याचा अर्थ फक्त मी सांगितलं, दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. दुसरं वाक्य वऱ्हाडातला मुलगा कधी बोलतो? काहीतरी बिनसलेलं असतं, कोणी सांगितलं म्हणून चौकशी चालू असते, आणि हा पोरगा पुढे होऊन म्हणतो, 'आय ओन्ली टोल्ड हिम, सर.' मीच सांगितलं त्याले. जबाबदारी स्वतःवर घेण्याचं ते वाक्य आहे. इंग्रज कानाला ते उलटं ऐकू येतं: 'मी फक्त सांगितलं, बाकी काही केलं नाही.' खरं बोलायला पुढे आलेला मुलगा तिथे अंग काढून घेणारा ठरतो. दोष कोणाचा म्हणायचा? मुलाने आपल्या नियमाने बोट स्वतःकडे दाखवलं होतं. ऐकणाऱ्याला तो नियम माहीत नव्हता, आणि नियम माहीत नसणाऱ्याला आपण साहेब म्हणतो. परदेशी कंपनीच्या फोनवर 'आय ॲम इन पुणे ओन्ली' म्हणणाऱ्या आपल्या इंजिनिअर मुलामुलींचंही असंच होतं. पलीकडचा समजतो, हा पुण्याबाहेर कधी पडतच नाही. म्हणायचं असतं इतकंच, की मी पुण्यातच आहे, कुठे गेलो नाही.

या 'च'चं कुळ पाहिलं तर मूर्खपणाचा आरोप करणाऱ्याने जरा विचार करावा, इतकं ते जुनं आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतात 'च्चिअ' हा शब्द याच कामाला उभा आहे, शब्दाच्या नंतर, त्यावर जोर देत. जुन्या मराठीत त्याचा 'चि' झाला. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी ज्या रिद्धपुरात लीळाचरित्राचं काम केलं, ते रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं. मराठी गद्याचा आरंभ तिथला, मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथेच निघालं आहे. मराठीचं पहिलं व्याकरण म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'पंचवार्तिक' महानुभावांच्याच भीष्माचार्यांचं. ज्या मुलखात मराठीने व्याकरणाचा विचार सुरू केला, त्या मुलखाला व्याकरण कळत नाही असं म्हणायला थोडं धाडस लागतं.

शाळेतल्या मराठी व्याकरणात या 'च'ची जागा ठरलेली आहे. मो. रा. वाळंब्यांच्या पुस्तकावर ज्यांनी स्पर्धा परीक्षा दिल्या, त्यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययांची ओळ तोंडपाठ असते: च, देखील, ना, पण, मात्र, सुद्धा. ही अव्ययं नामाला जोडून येतात आणि नामाचं सामान्यरूप होऊ देत नाहीत. 'ला' लागला की बडनेराचं 'बडनेऱ्याला' होतं; 'च' लागला तर 'बडनेराच', गाव जसंच्या तसं. शिवाय हा 'च' विभक्तीच्याही नंतर येतो: बडनेऱ्यातच, बडनेऱ्याहूनच. अख्खा पदसमूह आधी पुरा होऊ द्यायचा आणि मग त्याच्या शेवटी बसायचं, ही त्याची शिस्त. आता वऱ्हाडी माणसाचं इंग्रजी बघा: 'इन बडनेरा ओन्ली', 'फ्रॉम बडनेरा ओन्ली'. तीच शिस्त त्याने जशीच्या तशी पाळली. 'पण' आणि 'सुद्धा' यांचंही त्याने तेच केलं, म्हणून 'मी ऑल्सो', 'माय ब्रदर ऑल्सो'. अज्ञानाने केलेली चूक अशी सगळीकडे सारखी येत नाही. ती कधी इकडे तर कधी तिकडे पडते.

आणि हे 'च'चं पहिलं स्थलांतर नव्हे. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या कारभारात होतं. निजामाच्या मुलखातल्या दख्खनी उर्दूने मराठीचा 'च' उचलला आणि 'इच' करून घेतला. हैदराबादची माणसं अजून तो रोज वापरतात. मुंबईच्या हिंदीने 'अभीच', 'इधरीच' केलं. त्या वेळी कोणी उर्दूचा किंवा हिंदीचा खून झाला म्हणून ओरड केली असेल तर ती विरून गेली, 'च' राहिला. इंग्रजीत त्याला आपलं अक्षर नेता आलं नाही, म्हणून त्याने 'ओन्ली'चा अंगरखा घातला. आतला माणूस तोच.

बडनेऱ्याला थांबणाऱ्या एका गाडीचं नाव आहे 'हावडा मेल व्हाया नागपूर'. ही मुंबईहून निघते आणि बंगालपर्यंत जाते. डब्यात बसून कान उघडे ठेवा. मराठी माणूस 'च' लावतो तो नामानंतर. नागपूरच्या पुढे हिंदी 'ही' ऐकू येते, तीही नामानंतर. बंगालीचा 'इ' शब्दाला चिकटतो तो शेवटीच. हा मार्ग सोडून दक्षिणेला गेलात तर कानडी-तेलुगूचा 'ए' आणि तमिळचा 'तान' तिथेच बसलेले. मरे एमेनो या अमेरिकी भाषापंडितांनी 1956 साली 'इंडिया ॲज अ लिंग्विस्टिक एरिया' हा निबंध लिहिला. वेगवेगळ्या कुळांतल्या भारतीय भाषा शेजारधर्माने एकमेकींसारख्या झाल्या, हे त्यांनी दाखवलं. जोर देणारा शब्द शेवटी ठेवणं ही त्या शेजारातली एक ठळक खूण म्हणता येईल. तेव्हा बडनेऱ्याच्या ऑटोवाल्याची चूक ही एकट्याची चूक नाही. काश्मीर ते कन्याकुमारी सगळे एका बाजूला आणि रेन-मार्टिन दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे.

त्या गाडीच्या नावाकडेही एकदा बघा. 'हावडा मेल' हे नाम आणि त्यानंतर 'व्हाया नागपूर' ही क्रियाविशेषणाची शेपटी. ती नसती तर अलाहाबादवरून (आताच्या प्रयागराजवरून) जाणारी हावडा मेल आणि ही, यांतला फरक कळला नसता. रेल्वेने हे नाव वेळापत्रकात छापलं, पाट्यांवर रंगवलं, ध्वनिक्षेपकावरून पुकारलं. कोणा मास्तरने त्यावर लाल रेघ मारल्याचं ऐकिवात नाही.

खरं तर इंग्रजीचं स्वतःचं घर अशा शेपट्यांनी भरलेलं आहे. क्रियाविशेषण हे क्रियापद, विशेषण किंवा दुसरं क्रियाविशेषण यांच्याबद्दल जास्त माहिती सांगतं, नामाबद्दल कधीच नाही, असं आपण मुलांकडून घोकून घेतो. आणि धड्यात 'द पीपल अपस्टेअर्स' येतात. 'द शॉप ऑपोझिट' येतं, 'द नाइट बिफोर', 'द जर्नी बॅक', 'द वेदर आउटसाइड'. यातला 'अपस्टेअर्स' कोणत्या क्रियापदाबद्दल बोलतो? वाक्यात क्रियापद आलेलंही नसतं. वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने हा प्रश्न विचारला तर सर म्हणतात, हा अपवाद. 1985 साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी इंग्रजीचं दीड हजारांवर पानांचं व्याकरण काढलं. नामानंतर येऊन नामाचंच वर्णन करणाऱ्या क्रियाविशेषणांना त्यांनी त्यात साधा नियम म्हणून जागा दिली. आपल्या गाइडांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. 'गलोअर' नावाचा एक शब्द तर आयरिश भाषेतून इंग्रजीत आला तो कायमचा नामाच्या मागेच उभा राहिला. त्याला आजवर कोणी पुढे आणलं नाही, त्यासाठी आयरिश माणसाला कोणी मूर्खही म्हटलं नाही.

'ओन्ली'चंच घ्या. 'लेडीज ओन्ली' डब्यावर लिहिलेलं असतं. 'स्टाफ ओन्ली' दारावर, 'फॉर एक्सटर्नल यूज ओन्ली' मलमाच्या डबीवर, 'टुडे ओन्ली' कापडाच्या सेलवर. बँकेचा चेक लिहिताना अक्षरी रकमेच्या शेवटी 'ओन्ली' लिहायचा, म्हणजे पुढे कोणी दोन शब्द घुसडू नयेत. आपणही 'रुपये पाचशे फक्त' लिहितो, जुने लोक 'मात्र' लिहीत. म्हणजे पैशाचा प्रश्न आला की सगळं जग आमच्या ऑटोवाल्यासारखं शेवटी 'ओन्ली' लावतं, कारण शेवटी लावलेला शब्द वाक्याचं दार लावून घेतो.

कापूसबाजारातल्या व्यापाऱ्याच्या बिलाचा तळ वाचा. तिथे बारीक अक्षरात 'सब्जेक्ट टू अमरावती ज्युरिसडिक्शन ओन्ली' असं काहीतरी छापलेलं असतं. तंटा झाला तर अमरावतीच्याच कोर्टात, असा त्याचा अर्थ. अशा करारांतल्या 'ओन्ली', 'अलोन', 'एक्सक्लुझिव्ह' या शब्दांचा खल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने केला आहे. 1989 साली ए. बी. सी. लॅमिनार्टच्या खटल्यात न्यायालयाने या शब्दांचं वजन मानलं. 2013 साली स्वस्तिक गॅसेसच्या खटल्यात मात्र असा शब्द नसला तरी दोन्ही पक्षांचा हेतू दिसत असेल तर तो धरावा, असं ठरलं. न्यायमूर्तींनी ज्या शब्दावर इतका वेळ दिला, तो शब्द आठवीतल्या मुलाने नामानंतर लिहिला म्हणून अर्धा गुण कापावा, हे मला पटत नाही.

नामाच्या आसपास क्रियाविशेषण कुठे ठेवायचं याबाबतीत मराठीची एक दुसरी रीतही आहे आणि ती अगदी उलटी आहे. स्थळ-काळाचं क्रियाविशेषण आपण नामाच्या आधी आणतो आणि त्याला 'चा-ची-चं' लावून त्याचं विशेषण करतो. वरचे लोक, समोरचं दुकान, कालची गाडी, बाहेरचं खाणं. इंग्रजीकडे हा 'चा' नाही, म्हणून तिला बिचारीला 'अपस्टेअर्स' नुसताच मागे टाकावा लागतो. आपली माणसं 'आउटसाइड फूड' आणि 'बॅकसाइड गेट' म्हणतात ती याच सवयीने. यातल्या 'बॅकसाइड'चा इंग्रजीत भलताच अर्थ होतो, तो शब्द पाटीवर लिहू नये, एवढं मी मानतो. पण रेल्वेने दिलेल्या 'अप' आणि 'डाऊन'चं बडनेऱ्याने जे केलं ते अस्सल आहे. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप. त्याच धर्तीवर आपल्याकडे मुंबईकडे जाणारी अप आणि नागपूरकडे जाणारी डाऊन. फलाटावर माणूस विचारतो, 'अपची गेली काय हो?' उत्तर येतं, 'अपची गेली, डाऊनची येऊन राह्यली.' दोन उघडी क्रियाविशेषणं होती, त्यांना 'ची' लावून मराठीने लिंग-वचन देऊन टाकलं.

हा मूर्खपणा कागदावर नोंदवून ठेवण्याचं मोठं काम महाराष्ट्रातच झालं, हेही सांगायला हवं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 साली छापून आलेल्या भारतीय इंग्रजीतून दहा लाख शब्दांचा संग्रह तयार केला. 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने जगभरचे भाषाभ्यासक तो ओळखतात. पुढे जगातल्या निरनिराळ्या इंग्रजींचे नमुने गोळा करण्याचा जो मोठा उपक्रम निघाला, त्यातल्या भारताच्या भागाचं कामही कोल्हापुरातून झालं आणि त्यात छापील मजकुराबरोबर बोललेलं इंग्रजी आलं. छापील मजकुरावरून संपादकाचा हात फिरतो. बोलण्यावरून तो फिरत नाही, म्हणून आमचा 'ओन्ली' भेटायचा तर बोलण्यातच भेटणार. क्लाउडिया लांगे या जर्मन विदुषींनी 2012 साली बोली भारतीय इंग्रजीच्या वाक्यरचनेवर पुस्तक लिहिलं, त्यात 'ओन्ली' आणि 'इटसेल्फ' यांना जोर दाखवणारे शब्द म्हणून त्यांनी गंभीरपणे अभ्यासलं आहे. ज्याला आपण गावंढळपणा म्हणतो, त्याची जर्मनीत बसून कोणी नियम म्हणून मांडणी केली. आपल्याकडे कोल्हापूर इतकं जवळ असून शिक्षक प्रशिक्षणात यातलं काही येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

साहित्यातही या इंग्रजीची नोंद झाली. निसिम इझिकेल हे मुंबईचे कवी, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. भारतीय ढंगाच्या इंग्रजीत त्यांनी काही कविता लिहिल्या आणि त्या गाजल्या. त्यांचा कान अचूक होता, याबद्दल वाद नाही. पण त्या कविता वाचताना जे हसू येतं ते बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला जातं, आणि तो माणूस त्या हशाला पात्र होता असं मला कधी वाटलं नाही. 2007 साली रमा बिजापूरकरांनी भारतीय ग्राहकावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं नावच 'वी आर लाइक दॅट ओन्ली' ठेवलं. आम्ही असेच आहोत. तिथे 'ओन्ली' ताठ मानेने मुखपृष्ठावर आला, आणि त्या नावात दुसरा कुठलाही शब्द त्या जागी शोभला नसता.

स्तुती करायची म्हणून दोष झाकायचा नाही. या रचनेत एक अडचण खरी आहे. 'टिकेट्स विल बी गिव्हन टू स्टुडंट्स ऑन मंडे ओन्ली' अशी सूचना फळ्यावर लागली तर 'ओन्ली' सोमवारचा की विद्यार्थ्यांचा, हे डोळ्यांना कळत नाही. मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'विद्यार्थ्यांनाच सोमवारी' आणि 'विद्यार्थ्यांना सोमवारीच' असं 'च' हवा तिथे टाचता येतो. इंग्रजी 'ओन्ली' वाक्याच्या शेवटी गेला की मागचं सगळं त्याच्या पदरात पडतं. तोंडी बोलण्यात ते निभावतं, अर्जात आणि सूचनेत निभावत नाही. तिथे शब्दाच्या आधी 'ओन्ली' लिहिणं चांगलं, आणि हे मुलांना शिकवलंच पाहिजे. पण शिकवणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं, की खुद्द इंग्रजांत या नियमाबद्दल एकमत नाही. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 साली इंग्रजी वापराचा जो कोश केला, तो आजही प्रमाण मानतात. 'ओन्ली' नेमक्या शब्दाला चिकटलाच पाहिजे म्हणून हटून बसणाऱ्यांची त्यांनी त्यात चांगली कानउघाडणी केली आहे. माणसं बोलताना तो सहज येतो तिथे येऊ द्यावा, अर्थ कळत असला की झालं, असं त्यांचं मत.

रामदासांनी त्याच दुसऱ्या दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, पढतमूर्खाची लक्षणं वेगळी सांगितली आहेत. शिकूनसवरून जो मूर्ख, तो. मूर्खपणाचे हे दोन प्रकार समोर ठेवले तर मला निवड करायला वेळ लागत नाही. एकीकडे ऑटोवाला आहे. त्याने इंग्रजीचं व्याकरण वाचलेलं नाही, पण भाषेत नसलेला एक भेद त्याने स्वतःच्या बुद्धीने तिच्यात आणला आणि परक्या मुलाला योग्य गावात उतरल्याची खात्री दिली. दुसरीकडे व्याकरण पाठ असलेला माणूस आहे, जो त्याला हसतो. चेकवर 'ओन्ली' शेवटी लिहितो, 'लेडीज ओन्ली'च्या डब्यात पत्नीला बसवून देतो, आणि तरी हसतो. कारण नसताना हसणाऱ्याची जागा समर्थांच्या पहिल्या यादीत आहेच.

बडनेरा-अमरावतीच्या, अकोला-मूर्तिजापूरच्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलाने 'ओन्ली' नामानंतर लिहिला तर लाल रेघ मारण्याआधी त्याला जवळ बोलावून एकच विचारा, 'बाबू, तुले इथं फक्त म्हणायचं होतं की च?' तो 'फक्त' म्हणाला तर 'ओन्ली' पुढे कसा आणायचा ते दाखवा. 'च' म्हणाला तर, बोलताना हे चालतं, परीक्षेत त्यासाठी अमुक वाक्य लिही, असं सांगा आणि ते वाक्य फळ्यावर लिहून द्या. दोन मिनिटांचं काम आहे. मुलाला दोन्ही भाषा येतील आणि तोंड उघडायची भीती बसणार नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. या वर्षीच्या पहिल्या वहीपासून एवढं कराच.